पहिला शब्द देवीला

वेसाव्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचा तो कमळनेच. आवाज ही तिची रोजीरोटी, आणि थोडा माजही. त्यामुळे मानेतली एक बारीकशी ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओततेय, ती काढावीच लागेल, हे कळल्यावर तिने डॉक्टर अनुपमांना एकच विचारलं, "माझा आवाज जाईल काय?"

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. रोबोटचे हात काखेतून आत जातील, ते चालवणार मीच. गळ्यावर वण राहणार नाही. पण आवाजाची नस त्या ग्रंथीला खेटूनच असते, थोडा धोका राहतोच.

मग कमळने आपल्या परीने बंदोबस्त केला. एकवीरा आईला नवस बोलली: शुद्धीवर आले की पहिला शब्द कार्ल्याला, तुझ्या पायाशी. तोवर तोंडाला कुलूप.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टर म्हणाल्या, "बोला काहीतरी." कमळने ओठ घट्ट मिटले. सून नमिताने ओशाळून नवसाचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग नस शाबूत आहे हे मला कळणार कसं?" कमळ ढिम्म. खरं तर ती आतून घाबरली होती. न बोलता निदान आशा तरी शिल्लक राहत होती.

दुसऱ्या दिवशी नमिता औषधं आणायला खाली गेलेली असताना नर्सने बजावलं, "मावशी, कॅल्शियम उतरलं तर ओठांना, बोटांना मुंग्या येतील. लगेच सांगायचं." कमळने मान डोलावली.

दुपारी मुंग्या आल्याच. कमळने नमिताला बोटं चोळून दाखवली. बर्फात हात घालून मासळी विकणाऱ्या घरात या खुणेचा अर्थ एकच. नमिताने मायेने सासूचे हात शालीत गुंडाळले, एसी बंद केला आणि वर पायही चेपले. कमळने मानेने नाही नाही म्हटलं, तर अजून एक चादर आली. तेवढ्यात बोटं वाकडी होऊन आखडली.

"थंडी नाय गो! मुंग्या! नर्सला बोलव!"

आवाज अख्ख्या वॉर्डभर गेला. नर्स धावत आली, डॉक्टर आल्या, शिरेतून कॅल्शियम सुरू झालं. हळूहळू बोटं सैल पडली.

नमिताचे डोळे भरले. "आई, माझ्यामुळे नवस मोडला. आता देवीला काय सांगायचं?"

कमळने तिचा हात धरला. तिलाही रडू फुटलं होतं.

"तू कशाला? मीच सांगीन ना तिला," ती म्हणाली. "आवाज हाय माझा."