मागची पंगत

"आजी, गाईला वरचे पुढचे दात नसतात."

बैलगाडी ओढ्याच्या उतारावर हेलकावे खात होती. गुणाबाईंनी नुकतीच आपल्या अंगावरची शाल काढून ऋतुजाच्या खांद्यावर टाकली होती. ती नीट गुंडाळायलाही त्यांना उसंत मिळाली नाही, तोच पोरीनं हे सांगून टाकलं.

"काय म्हन्लीस माय?"

"गाईला, बैलाला, म्हशीला. वरती पुढं दात नसतातच. नुसती हिरडी असते."

पुढं कासरा धरून बसलेले आप्पासाहेब खदखदून हसले. "खरंच हाय की! जन्म गेला ढोरात, पर असं कुणी बोलून न्हाई दाखवलं. उज्वला, लई हुशार हाय गं तुझी लेक!"

उज्वला हसली. सासऱ्यांनी 'तुझी लेक' म्हटलं की तिला अजून गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. पण आज हसता हसता ती मनातून खट्टूही झाली. शाल मिळाली, लगेच माहिती दिली. पोरीनं हिशेब मिटवून टाकला होता.

उज्वला नांदेडच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. 'हिमायतनगरमार्गे इस्लापूरला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे' हा आवाज हजारोंनी ऐकला होता, पण रस्त्यात भेटली तर तिला कुणी ओळखलं नसतं. खिडकीशी लोक काहीही विचारत. गाडी केव्हाची, अमावस्या कधी लागते, अमुक डॉक्टर आज बसलेत का, माझा भाचा इथं उभा होता तो कुठं गेला. सगळ्यांना उत्तरं देण्यात तिची उमेदीची वर्षं सरत आली होती. घरी मात्र बरीच वर्षं तिला विचारणारं कुणी नव्हतं. लग्नानंतर दवाखाने झाले, नवससायास झाले, मग हळूहळू सगळे गप्प झाले. हे गप्प होणं फार वाईट. कुणाच्या बारशाला गेली की बाया तिला मानानं खुर्ची द्यायच्या, चहा आधी द्यायच्या, आणि पाळण्याशी तेवढं बोलवायच्या नाहीत. कुणी टोचून बोललं असतं तर ती भांडली तरी असती. इतक्या जपून वागणाऱ्यांशी भांडायचं कसं?

मग तिनं आणि शिवशंकरनं मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. तान्हंच पाहिजे असा हट्ट दोघांनीही धरला नाही. लातूरच्या एका संस्थेत पहिल्या भेटीला सात वर्षांची ऋतुजा समोर येऊन उभी राहिली, हात मागं बांधून, दोन वेण्या घट्ट. "केळ पाण्यात टाकलं की तरंगतं," ती म्हणाली. ना नाव, ना गाव. शिवशंकरनं घरी आल्याबरोबर बादलीत केळ टाकलं. ते तरंगलं. पिशव्या-पोती उचलण्यात दिवस घालवणारा, कृषी सेवा केंद्र चालवणारा तो धिप्पाड माणूस बादलीशेजारी उकिडवा बसून लहान पोरासारखा हसत राहिला.

पावसाळ्यात पोर घरी आली आणि घर भरलं. शाळा सुटली की शिवशंकर तिला बसस्थानकावर सोडून जायचा. उज्वलाच्या शेजारी स्टुलावर बसून ती गाड्या बघायची, आईचा आवाज भोंग्यातून बाहेर पडला की तोंडावर हात ठेवून हसायची. फुलपाखराला चव पायानं कळते, झुरळ डोकं नसतानाही बरेच दिवस जगतं, असलं काहीबाही तिच्याकडं सारखं असायचं. उज्वला ते ऐकून डबा खाताना सोबतच्या बायांना सांगायची. झुरळाचं सांगितलं त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. रोज सकाळी तिची वेणी घालणं हा उज्वलाचा सगळ्यात आवडता उद्योग झाला. वेणी सुटू नये म्हणून सगळ्या आया घट्ट बांधतात; ही मुद्दाम जरा सैल बांधायची, म्हणजे दुपारी पुन्हा घालता येईल.

'आई' ही हाक तर पहिल्याच दिवशी मिळाली. शेजारपाजाऱ्यांना त्याचं केवढं कौतुक! उज्वलाला मात्र ठाऊक होतं, तसं म्हणायचं असतं हे पोरीला शिकवून पाठवलेलं होतं.

एकदा तिला ताप आला. उज्वलानं औषध पाजलं, कपाळावर घडी ठेवली, आणि पोर एकदम रडायला लागली. "आज काहीच आठवत नाही," म्हणाली. "काय आठवायचंय गं?" असं चारदा विचारल्यावर कळलं. संस्थेतल्या एका प्रेमळ मावशीनं तिला समजावलं होतं, पाहुणे आले की काहीतरी हुशारीचं बोलून दाखवायचं, बोलकं पोर लवकर घरी जातं. मावशीचं काही चुकलं नव्हतं. पण पोरीनं ते असं धरून ठेवलं, की फ्रॉक मिळाला, सांग काहीतरी. औषध मिळालं, सांग काहीतरी. उज्वलानं तिला उराशी धरून सांगितलं, "बाळा, हे तुझंच घर हाय. कुणाला काय द्यायचं न्हाई." ऋतुजा शहाण्यासारखी "हो आई" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या पेल्यावर नवीन माहिती घेऊन आली.

सगळ्याला ती 'हो आई'च म्हणायची. हट्ट नाही, रुसवा नाही, ताटात टाकणं नाही. ज्या पोरीला आपल्याशी भांडायची भीती वाटते, ती आपली झाली असं कसं म्हणायचं, हा एकच घोर उज्वलाला लागून राहिला होता.

आज वेळ अमावस्या, रानाच्या पूजेचा सण, गावाकडच्या तोंडी येळवस. अहमदपूरच्या पुढं शिवशंकरचं गाव. अख्खं गाव रानात उतरलं होतं. ज्वारीच्या कडेला कडब्याची कोप, लहानशी झोपडी, उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव मांडलेले. थोरली जाऊ कावेरी कालपासून राबत होती. शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर, आणि मडकं भरून ताकातली आंबील. पूजा झाली. आप्पासाहेब आणि त्यांचे दोघे मुलगे रानाच्या कडेकडेनं आंबील शिंपडत निघाले आणि दरवर्षीची 'ओलगे ओलगे'ची आरोळी द्यायला लागले.

"आजी, ते काय म्हणतात? म्हणजे काय?" ऋतुजानं विचारलं.

"काय की बाई. कानडी हाय म्हनत्यात. कुनालाच ठाव न्हाई."

"कुणालाच नाही? मग म्हणतात कसं?"

"आपलं रान हाय, आपुन म्हनायचं. त्यात ठाव कशाला लागतंय?"

ऋतुजा विचारात पडली. "माहीत नसलं तरी चालतं?" तिनं हळूच विचारलं. पण गुणाबाईंचं लक्ष तोवर दुसरीकडं गेलं होतं. कावेरीची दहा वर्षांची दीपाली भज्जीच्या पातेल्यात हात घालून बसली होती. गुणाबाईंनी तिच्या हातावर चापट ठेवून दिली. "पाव्हने जेवायचेत अजून, आन् तुला काय घाई झाली गं, भस्म्या?" आणि त्याच हातानं त्यांनी तिळाच्या पोळीचा तुकडा मोडून ऋतुजाला दिला. "घे माय, तू खा."

ऋतुजानं तुकडा घेतला. "आजी, मध कधी खराब होत नाही."

उज्वलाला ती चापट दिसली आणि तो तुकडाही दिसला. गुणाबाईंच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे ती शपथेवर सांगू शकली असती. उलट सासूनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, लेकराला कुणी अर्ध्या शब्दानं बोलायचं नाही, परकं वाटू द्यायचं नाही. म्हणून सगळं घर पोरीभोवती चवड्यावर चालत होतं. बारशातली ती खुर्ची उज्वलाला आठवली.

पंगत बसली. येळवशीची रीत अशी की पाहुणे आधी, मग घरची गडीमाणसं, आणि सगळ्यात मागून घरच्या बाया-पोरी. या रीतीवरून उज्वलानं सासूशी दरवर्षी वाद घातला होता आणि दरवर्षी ती हरली होती. आज गुणाबाईंनी ऋतुजाचा हात धरून तिला पहिल्या पंगतीत बसवलं, निवृत्त मुख्याध्यापक अमृतराव गुरुजींच्या शेजारी. पुढ्यात गच्च भरलेलं ताट ठेवलं.

ऋतुजानं ताटाला हात लावला नाही. आधी तिनं गुरुजींना सांगितलं, "ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

"वा!" गुरुजी खूश झाले. "अजून?"

तिनं अजून सांगितलं. पलीकडच्यांनी माना डोलावल्या, कुणी शाबासकी दिली. पोर बोलत होती आणि भज्जी निवत होती.

"कुठली गं तू, पाहुणी?" गुरुजींनी कौतुकानं विचारलं.

"आधी लातूरला होते. आता नांदेडला आहे."

"आणि यापुढं कुठं?" गुरुजी आपले थट्टेनं बोलले.

ऋतुजाला ती थट्टा कळली नाही. "पुढचं अजून सांगितलं नाही," ती नम्रपणे म्हणाली.

आंबिलीचा तांब्या घेऊन उज्वला मागंच उभी होती. क्षणभर तिला वाटलं, पोरीला उचलावं, मुके घ्यावेत, रडावं. पण ते सगळं करून झालं होतं आणि प्रत्येक वेळी 'हो आई' मिळालं होतं. ती पुढं झाली आणि तिनं ऋतुजाच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"ऊठ."

"आई?"

"ऊठ म्हन्ते ना. ही पाव्हन्यांची पंगत हाय. तू घरची हायस. घरच्या पोरी वाढतात आन् मागून जेवतात. हा तांब्या धर."

वाढलेल्या ताटावरून लेकराला उठवणं, तेही सणाच्या दिवशी! गुणाबाई कोपीतून धावतच आल्या. "कशी आई म्हनावं गं तुला! भुकेलं लेकरू हाय ते! काय करून राहिलीस?"

"आत्या, दीपालीला बसवलं असतं का तुमी पाव्हन्यांत?"

"दीपी आपली हाय गं..." गुणाबाईंच्या तोंडून निघून गेलं. त्या तशाच थबकल्या. पदराचं टोक तोंडाशी नेऊन कोपीत परत गेल्या.

ऋतुजा तांब्या घेऊन उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला. ती वाढायला लागली. अमृतराव गुरुजींच्या धोतरावर आंबिलीचा ओघळ गेला, तेव्हा उज्वला मोठ्यानं ओरडली, "डोळे कुठं हायत तुझे?" आयुष्यात पहिल्यांदा ती पोरीवर ओरडली होती. चुकलं की काय आपलं? हे लेकरू आज जे मिटेल, ते पुन्हा उघडेल का? पण आता माघार घेतली तर सगळंच गेलं. तिनं दात आवळून पुढच्या पानावर भज्जी वाढली.

पाहुणे उठले. घरची गडीमाणसं बसली. शिवशंकर बायकोकडं काळजीनं बघत होता. तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. आप्पासाहेबांनी दुसऱ्यांदा भज्जी मागितली. दीपाली पातेलं घेऊन निघाली. ऋतुजानं पातेल्यात डोकावून पाहिलं. बुडाशी थोडीच भज्जी उरली होती.

तांब्या जमिनीवर आपटला.

"मी नाही वाढणार! मला भूक लागलीय!" हा आवाज रानात आजवर कुणी ऐकलेला नव्हता. "सगळे खाऊन संपवतायत! माझं ताट होतं ते, तू कशाला उचललंस? आणि ही दीपी मघाशीच खाऊन बसलीय, चोरून! मी बघितलंय! मला नाही आवडत तू! अजिबात नाही आवडत!"

आणि ती धुळीत फतकल मारून बसली, भोकाड पसरलं, चपला एक इकडं, एक तिकडं.

"खोटारडी!" दीपाली किंचाळली. "दोनच घास खाल्ले मी!"

उज्वलानं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडते आहे. ती रडतही होती, पण मुख्यतः तिला हसू आवरत नव्हतं. तिची लेक तिच्यावर चिडली होती! चारचौघांत, सणावारी, गळा काढून, काही राखून न ठेवता. बसस्थानकाच्या भोंग्यावरून जाहीर करावं असं तिला वाटलं.

कोपीतून गुणाबाई बाहेर आल्या. त्यांनी सांडलेल्या आंबिलीकडं पाहिलं, दोघी नातींकडं पाहिलं, मग सुनेकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

"सांडली ती रानालाच गेली," त्या म्हणाल्या. मग दोन्ही पोरींच्या पाठीत एकेक हलका धपाटा घातला. "गप बसा दोघीबी! नरडी हायत का भोंगे? उठा, हात धुवा. बायांची पंगत मांडायची हाय. ऋतुजे, पत्रावळ्या आन. रडत रडत आन, पर आन."

ऋतुजा उठली. हुंदके देत पत्रावळ्या घेऊन आली आणि तिनं त्या मांडल्या, कशाबशा, वाकड्यातिकड्या. दीपालीला खेटून बसली. उज्वला पलीकडं बसली तेव्हा तिनं मुद्दाम पाठ वळवली.

कावेरीनं पातेल्याच्या बुडाची, जराशी करपलेली भज्जी सगळ्यांना सारखी वाटली. उन्हं कलली होती. आप्पासाहेब हात पुसत जवळ आले आणि लाडानं म्हणाले, "का माय, येक तरी नवं सांग की आज्याला."

"नाही," ऋतुजा तोंडात घास असतानाच म्हणाली. "मी जेवतेय."

आप्पासाहेब बैलांना वैरण टाकायला निघून गेले. थोड्या वेळानं, पाठ तशीच वळवलेली ठेवून, ऋतुजानं हात मागं घातला, चाचपत आईच्या पत्रावळीतला उंडा उचलला, अर्धा मोडून घेतला आणि उरलेला परत तिथंच टाकला. उज्वलानं पत्रावळ थोडी तिच्याकडं सरकवली आणि तो अर्धा उंडा भज्जीत बुडवून खाल्ला.