पोपटची सुट्टी

सगुणा म्हात्रे मूळची पेणच्या खाडीकाठची, मिठागरावर राबणाऱ्यांची लेक. नवरा गेल्यावर ती दोन मुलींना घेऊन रोह्यात आली, एका कुरिअर कंपनीची फ्रँचायझी घेतली, स्टेशनाजवळ गाळा भाड्यानं घेतला आणि धाटावच्या कारखान्यांत पार्सलं पोचवायला पोपटला ठेवलं. पोपट आतल्या गावचा, चाळिशीला टेकलेला, म्हाताऱ्या आईचा एकुलता एक. गाडी त्याची, अंगातला शर्ट कंपनीचा आणि हुकूम सगुणाचा. नेमणुकीचा कागद नव्हता, विमा नव्हता. छोट्या धंद्यात असंच चालतं, अशी तिची समजूत होती.

श्रावणातल्या एका दुपारी पोपट ताप अंगावर घेऊनच आला. आज राहू दे, म्हणाला. सगुणानं ऐकलं नाही. एकच पार्सल आहे, ते देऊन घरी जा, असं सांगून तिनं त्याला पाठवलं. धाटावच्या वळणावर तो टँकरखाली गेला.

त्याच्या आईनं, कृष्णाबाईनं, नुकसानभरपाईचा दावा लावला. कंपनीनं करारातलं कलम दाखवून अंग काढून घेतलं. पार्सल पोचवणाऱ्यांची जबाबदारी म्हणे फ्रँचायझीवाल्याची. सगुणाचे वकील हैबतराव म्हणाले, आता एकच वाट उरलीय. पोपट तुमचा कामगार नव्हताच, आपल्या गाडीनं आपल्या सवडीनं काम करणारा सुटा माणूस होता, असं लिहून द्या. धंदा बुडाला तर मुलींचं काय, या धास्तीनं सगुणानं अलिबागला जाऊन शपथेवर तसं लिहून दिलं. सही करताना हात थरथरला नाही, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात जगन, तिनं ठेवलेला नवा माणूस, धाटावहून पार्सल तसंच घेऊन परत आला. गेटवरचा वॉचमन त्याला आत सोडेना. कुरिअरवाला आत्ताच येऊन गेला, असं म्हणत होता. जगनला वाटलं, दुसऱ्या कंपनीचा कुणी असेल. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, तेव्हा सगुणा स्वतः गेली.

वॉचमन केरू नवाच होता, त्या गेटवर येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. पोपटचं नाव त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं.

"तुमच्याच कंपनीचा शर्ट होता ताई," तो म्हणाला. "तापानं फणफणला होता बिचारा. मी म्हटलं, बस घटकाभर. तर म्हणाला, एकच हाय, देऊन घरी जातो."

भर उन्हात सगुणाच्या अंगावर काटा आला. ते बोलणं तिच्यात आणि पोपटात झालं होतं. तेव्हा गाळ्यात तिसरं कुणी नव्हतं.

ज्याला तिनं कामावर नव्हताच म्हणून सांगितलं, तो काम सोडायला तयार नव्हता. आज या कारखान्यातून फोन यायचा, उद्या त्यातून. माणूस येऊन गेला, पार्सल कुठाय? सगुणाचं जेवणावरून मन उडालं. गाडीचा आवाज आला की ती दाराकडे बघायची नाही.

एका सकाळी कृष्णाबाई गाळ्यात आली. सगुणाला वाटलं, म्हातारी तळतळाट द्यायला आली. तिनं खुर्ची पुढं केली, पण कृष्णाबाई जमिनीवरच बसली. गावातल्या कुणाकुणाला पोपट धाटावात दिसला होता, ते तिच्या कानावर आलं होतं.

"लोकांना दिसतो, माझ्याकडं येत नाय," ती शांतपणे म्हणाली. "तो कामाचा पक्का. सांगितल्याबिगर सुटायचा नाय. तू त्याला सुट्टी दे गो बाय."

"मी कशी देणार, आजी?"

"ज्यानं ठेवलं, त्यानंच सोडायचं असतं."

तो माझा माणूस नव्हता, असं सगुणानं शपथेवर लिहून दिलं होतं. जो आपला नाही, त्याला सुट्टी देणारी ती कोण?

पुढच्या तारखेला उलटतपासणी होती. कृष्णाबाईच्या वकिलानं विचारलं, पोपट कुणाच्या सांगण्यावरून निघाला होता? हैबतरावांनी आदल्या दिवशी उत्तर घोटून घेतलेलं होतं. सगुणानं कठड्यावर हात ठेवला.

"माझ्या. तो माझा कामगार होता. ताप होता त्याला, तरी मी पाठवला. मी लिहून दिलं ते खोटं आहे."

हैबतरावांनी डोळे मिटून घेतले. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल वेगळं प्रकरण होऊ शकतं, हे त्यांनी तिला बाहेर येताच सांगितलं. तिनं मान हलवली आणि थेट धाटावची वाट धरली. पहिली शिफ्ट सुटत होती. माणसं डबे हलवत बाजूनं जात होती, आणि ती गेटसमोर उभी राहून, कुणीच नसलेल्या जागेकडे बघत म्हणाली, "पोपट, काम झालं. जा घरी."

लोक वळून बघायला लागले. दुसरं काही घडलं नाही.

निकाल कृष्णाबाईच्या बाजूनं लागला. भरपाई भागवता भागवता सगुणाचं सामानसुमान गेलं, कंपनीनं फ्रँचायझी काढून घेतली. ती मुलींना घेऊन पेणला परतली, गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागली. गेटसमोरच्या त्या दिवसानंतर धाटावातून तसा फोन मात्र पुन्हा कधी आला नव्हता.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास जगन तिला पेणच्या बाजारात भेटला. कृष्णाबाईनं निरोप दिला होता, दोनच शब्दांचा. तो आला.

आला म्हणजे काय, हे जगननं विचारलं नव्हतं. पेणहून कृष्णाबाईच्या गावाला दोन तासांत जाऊन विचारता आलं असतं. सगुणाची अजून हिंमत झालेली नाही.