चेपलेले बटाटे

मावशीला माणसं तोंडावरून लक्षात राहत नाहीत, खाण्यावरून राहतात. वीस वर्षं झाली, एकाच कोपऱ्यावर गाडा. उकडलेला बटाटा तव्यावर टाकायचा, चेपायचा, भाजायचा, वर मीठ, तिखट, लिंबू. नावं कोण ध्यानात ठेवणार? गोणी उचलणारा हमाल म्हणजे 'डबल मीठ'. लांबलचक गाडीतून उतरणारा भारी शर्टवाला म्हणजे 'करपट'. दोघं एकाच फळीला टेकून खातात आणि दोघंही बोटं चाटतात. "करपट, झालं बघा तुमचं!" म्हटलं की साहेब मुकाट पुढे येतो.

पण महिनाभर उजवं मनगट नुसतं बोंबलत होतं. सकाळी केस बांधता येईनात. तांब्या उचलला तरी कळ थेट खांद्यात.

जाऊ म्हणाली, "काही दिवस दे ना मला गाडा."

"तुझ्या हातचा बटाटा कुत्रं तरी खाईल का?"

"विचारून सांगते कुत्र्याला," म्हणाली जाऊ, आणि दोन दिवस बोलली नाही.

म्हणून मावशी दवाखान्यात आली. बेत साधा होता. सुई टोचून घ्यायची, संध्याकाळी गाडा लावायचा. बाकावर तीन तास बसली तेव्हा कुठे नंबर लागला.

"हात द्या," डॉक्टर कागदातून मान वर न करता म्हणाला.

आवाज ऐकला आणि मावशी बघतच राहिली. पांढऱ्या कोटात करपट! त्याला काही पत्ता नाही. बरोबरच आहे, गाडा नाही, धूर नाही, ओळखणार कशावरून? त्याने मनगट फिरवलं, अंगठ्याखाली दाबलं. "आई गं!"

"काम काय करता?"

"बटाटे चेपते."

आता त्याने मान वर केली. "मावशी? तुम्ही?"

"हो ना, करपट." गेलं तोंडातून निघून. कोपऱ्यातली नर्स उगाच खोकायला लागली.

डॉक्टरने खुर्ची सरकवली. "सहा आठवडे या हाताने काही करायचं नाही. पट्टा बांधायचा. नाहीतर ऑपरेशन."

"सुई नाही का देत?"

"सुईने दुखणं दबेल, हात बरा नाही होणार. पण बटाटा तर मऊ असतो, एवढं झालं कशाने?"

सांगायचं नव्हतं खरं तर. पण दुसरं काही रचून सांगायला अंगात त्राण नव्हतं.

"मऊ बटाटा नुसता ठेवला तरी भाजतो हो. करपट पाहिजे तर पापडासारखा पातळ करावा लागतो. सगळा भार या मनगटावर. आधी तुम्ही एकटेच मागायचात. तुमचं बघून तुमचा ड्रायव्हर मागायला लागला, मग तो हमाल. आता अख्खी रांग तसंच मागते."

डॉक्टर पेन नुसतं बोटात फिरवत बसला. मग भराभर लिहिलं, कागद दिला, आणि नर्सकडे चोरून बघत मावशीला हळूच म्हणाला, "पण आज... आज तरी लावताय ना गाडा?"

बोलला आणि कानापर्यंत लाल झाला.

मावशीला राग नाही आला. रागाला पण ताकद लागते. माणूस वाईट नाही, सकाळपासून राबतोय, त्यालाही भूक लागते. पण एक गोष्ट तिला लख्ख दिसली. 'थांबा' म्हणणाराच जर थांबत नसेल, तर तिला घरी बसवायला दुसरं कोण येणार होतं?

"नाही," ती म्हणाली. "आज नाही. सहा आठवडे नाही."

बाहेर येऊन तिने डाव्या हाताने जावेला फोन लावला.

"अगं, गाडा घेतेस का दीड महिना?"

जाऊ म्हणाली, "ताप आलाय का तुला?"

"हात गेलाय. घेतेस का सांग."

"मला नाही जमायचं तुझ्यासारखं पातळ चेपायला."

"चेपूच नकोस. जाड दे. ओरडतील चार दिवस."

"आणि गिऱ्हाईक तुटलं तर? मला बोलशील जन्मभर."

"बोलेन ना. ते काय सुटतंय?"

जाऊ हसली. मावशीने फोन ठेवला आणि परत त्याच बाकावर बसली.

"मावशी, तुमचा नंबर झाला ना? उठा की," शेजारची बाई म्हणाली.

"उठते गं," मावशी म्हणाली आणि पाय लांब केले.