आठवड्याने या

आई गेल्याला महिना झाला होता आणि भिंगरी अजून गिऱ्हाइकांना "आठवड्याने या" असंच सांगत होती. शिंपीकामाच्या घरात हे नेहमीचंच, त्यामुळे कुणाला संशय येत नव्हता.

एका जागी टिकत नाही म्हणून आईनेच तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आता ती मशीनसमोर बसली की उठायचं विसरायची. सोळा वर्षांची पोर, पण जिना चढताना कठडा धरायची.

पाच कापडं शिवायची राहिली होती. बाबा म्हणाले, "परत देऊन टाकू. लोक समजून घेतात."

"नको. मी शिवते."

परत द्यायचं म्हणजे दारात उभं राहून कारण सांगायचं. ते कारण तिने एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

पहिली घेतली ती बस कंडक्टरची पँट. मापं आईच्या वहीत होती. आईची टेप मशीनला लटकत होती, पण तिला हात लावायचा धीर होईना. तिने शाळेच्या शिवणवर्गातली टेप काढली, कापड कापलं आणि तीन दिवस खपून पँट पुरी केली.

कंडक्टर न्यायला आला. आतल्या खोलीतून ती घालून बाहेर आला तो कमरेला मुठीत धरूनच. पँटचे पाय टाचांखाली गेले होते.

"अगं, ही पँट आहे की तंबू? यात अख्खी बस बसेल! आईला बोलाव. तिची चूक व्हायची नाही."

भिंगरी म्हणू लागली, "आई... बाहेर..."

"ती नाही आता," बाबा दारातून म्हणाले. "महिना झाला."

कंडक्टरच्या हातून पँट सुटता सुटता राहिली. "मला काय माहीत हो," एवढंच तो पुटपुटला.

बाबांनी आईची टेप उचलून पोरीपुढे धरली. टोक झिजलं म्हणून आईने पहिले दोन इंच कधीच कापून टाकले होते. ती त्याच टेपने मापायची, त्याच टेपने कापायची. तिला फरक पडत नव्हता. दुसऱ्या टेपने वहीतलं प्रत्येक माप दोन इंचांनी वाढत होतं.

"राहू दे," कंडक्टर म्हणाला, "पट्टा आहे माझ्याकडे. पोटही वाढतंच आहे."

तो गेल्यावर भिंगरी बाबांवर उखडली. "तुम्ही कशाला सांगितलंत?"

"मग कोण सांगणार? मलाही सोपं नाही, बाई."

तिने मशीनवर डोकं टेकलं. मग म्हणाली, "उरलेली मला नाही जमायची. त्या टेपला हात लावायचा धीर नाही. देऊ परत."

रविवारी दोघं चार गाठोडी घेऊन निघाले. पहिल्या तीन दारांत बाबा बोलले, ती चपलांकडे बघत राहिली. चौथं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. वर पोचेपर्यंत बाबांचा दम संपला होता, आवाजही. दार उघडलं ते एका शाळामास्तरणीने.

"झाला का माझा कोट?"

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून डोळे पुसत होते.

"आई वारली," ती म्हणाली. "कोट शिवून झाला नाही. कापड परत आणलंय."

बाईंनी गाठोडं घेतलं नाही, तिचा हातच धरला. "आत या दोघं. बसा आधी."

भिंगरी बसली. पाय भयंकर दुखत होते, हे तिला आत्ता कुठे कळलं.