गढीवरची पाहुणी

फाटक उघडलं आणि रूपराव मटकन खाली बसले. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ते चप्पल शोधत होते, तेव्हा ते बसलेच नाहीत असं घरात ठरलं आहे. आपणही तसंच धरून चालू.

फाटकाबाहेर ऐंशीच्या आसपासची एक गोरी बाई ऑटोतून उतरली होती. एका हातात बॅग. दुसऱ्या हातात वहीतून फाडलेलं पान, आणि त्यावर रूपरावांचं अक्षर: 'मु. पो. पिपरी मेघे, ता. जि. वर्धा. गढी छान ठेवली आहे. एकदा आमच्या घरी येजा.'

गेल्या वर्षी ते दोघं फ्रान्सला मुलीकडे, वर्षालीकडे गेले होते. तिनेच ती गढी दाखवली. आठशे वर्षं एकच घराणं तिथं राहत आलेलं. सोळा खोल्या लोकांसाठी उघड्या; जिन्याला दोरी, वर घरची माणसं. रूपरावांनी तोफेचे अकरा फोटो काढले. सुलोचनाबाई दोरीपाशीच अडकल्या, कारण वरून कांदा परतल्याचा वास येत होता, आणि ऐन जेवणाच्या वेळी दुसऱ्याच्या घरात हिंडणं त्यांना बरं वाटेना. तेवढ्यात हीच बाई भाजीची पिशवी घेऊन दोरीखालून वाकून वर निघाली. सुलोचनाबाईंनी पर्समधली डबी काढून तिला कुंकू लावलं. बाहेर पडताना शेऱ्यांच्या वहीत रूपरावांनी वरचा मजकूर लिहिला आणि वर्षालीने तो खाली फ्रेंचमध्ये उतरवला. निघताना आपल्याकडे असं म्हणतातच. येतं कोण?

वर्षालीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेसहा. पडद्यावर गढीवरच्या मादाम एलेन दिसल्या आणि वर्षालीचा ब्रश तोंडातच राहिला.

मादामना घर बघायचं होतं. रूपरावांनी हात मागे बांधले आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिथल्या गाइडसारखं सुरू केलं. हा हॉल, सन दोन हजार नऊ. हा कूलर, चालू स्थितीत. त्याआधी इथं काय होतं, असं मादामनी वर्षालीमार्फत विचारलं.

"पऱ्हाटीचं वावर," रूपराव म्हणाले.

त्या कपाशीच्या शेतात लढाई झाली असावी, अशा आदराने मादामनी फरशीकडे पाहिलं.

स्वयंपाकघराच्या दारात मात्र त्या थबकल्या.

"काऊन थांबली माय? आत ये," सुलोचनाबाई म्हणाल्या.

हे भाषांतराशिवाय कळलं. त्या आत येऊन बसल्या, परातीतल्या तुरीच्या शेंगा पुढ्यात ओढून सोलू लागल्या, आणि सोलता सोलताच काही बोलल्या. फोनमधल्या वर्षालीने ब्रश बाजूला ठेवला.

"काय म्हणून राह्यल्या त्या?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"गढी विकली आई, मार्चमधी. नव्या मालकानं दोरी काढली. आता वरच्या खोल्याही दाखवतात. यांच्या खोलीले सतरा नंबर देला. राहा म्हणे तिथंच, फक्त दहा ते पाच खुर्चीत बसून राहायचं. लोक पाहतीन."

सुलोचनाबाईंनीही मूठभर शेंगा सोलायला घेतल्या.

"शेऱ्यांच्या साऱ्या वह्या चाळल्या म्हणे त्यांनी. सुंदर, फार सुंदर, संडास स्वच्छ. घरी या म्हणून एकानंच लिहिलं होतं."

परतीचं तिकीट कधीचं आहे ते विचार, असं रूपराव म्हणाले. वर्षालीने ते विचारलंच नाही. सुलोचनाबाईंनी कुकरमध्ये तांदळाची आणखी एक मूठ टाकली.

सोमवारी रूपराव तहसील कार्यालयात अर्ज देऊन आले.

'विषय: शिधापत्रिकेत नाव वाढवून मिळणेबाबत.

महोदय, श्रीमती एलेन, वय ८१, नाते: घरच्या, यांचे नाव माझ्या शिधापत्रिकेत समाविष्ट करण्यात यावे. पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा म्हणून फ्रान्स येथील गढीचे प्रवेश-तिकीट सोबत जोडले आहे. तसेच चौकशीकामी कोणीही त्यांना पाहण्यास येऊ नये, ही नम्र विनंती.'