त्रेसष्टाव्या पानावरचा शेरा

मास्तरांनी पानावर पुन्हा खोडरबर घासला. शाई काही हलली नाही. कागद मात्र झिजून मागची अक्षरं दिसायला लागली.

"अरे, फाडशील ते पान!" बायको दारातून ओरडली.

"फाटलं तर सुटलो मी."

मैदानावर मोटरसायकल शिकवता शिकवता एकोणीस वर्षांत त्यांना सगळे मास्तरच म्हणायला लागले होते. पुस्तक म्हणाल तर एवढं जाडजूड त्यांनी जन्मात हाती धरलं नव्हतं. पण हे सासऱ्यांनी लिहिलेलं होतं. नानांनी कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर चार वर्षं खपून मोटरसायकल चालवण्यामागचं तत्त्वज्ञान लिहून काढलं. छपाईआधीची प्रत जावयाच्या हातात ठेवताना ते म्हणाले होते, "तुमच्या विषयातलं आहे. तुम्ही हो म्हणालात की छापायला देतो."

त्याला चार महिने झाले. पहिलं प्रकरण 'तोल आणि अहंकार', शेवटचं 'थांबण्याची कला', तेच चाळीस पानांचं. मास्तर रोज नेटाने बसायचे आणि तिसऱ्या ओळीला घोरायला लागायचे. म्हणून गेल्या रविवारी पुस्तक मैदानावर नेलं. दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात बाकावर बसून त्रेसष्टावं पान वाचलं: 'वळणावर चालकाने नजर पुढच्या चाकावर खिळवावी, कारण वर्तमान तिथेच फिरत असते.'

झालं! हातात पेन होतंच. दिवसातून वीस वेळा शिकाऊंच्या चिठ्ठीवर जे लिहायचे तेच हाताने समासात लिहून टाकलं: 'नजर खाली. नापास. पुन्हा यावे.' खाली झोकदार सही. काय केलं हे कळलं तेव्हा पुढचा शिकाऊ हेल्मेट घालून समोर उभा होता.

आणि आज नाना यायचे होते.

बेल वाजली तशी मास्तरांनी प्रत खुर्चीवर टाकली आणि स्वतः तिच्यावर बसले.

"काय जावईबापू, झालं का वाचून?" नानांनी बसल्या बसल्या विचारलं. इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं. तळवे मात्र गुडघ्यांवर घासत होते, निकालाच्या दिवशी पोरं घासतात तसे.

"वाचतोय, नाना. छान आहे. म्हणजे... खोल आहे."

"कुठवर आलात?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने कपाळाला हात लावला. "ऊठ आता. किती वेळ उबवणार आहेस?"

मास्तर उठले. नानांनी प्रत घेतली, चष्मा वर सरकवला. झिजलेलं पान आपोआपच उघडलं. त्यांनी शेरा वाचला, मग पुन्हा वाचला. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चार वर्षांची मेहनत आणि आपण पाच शब्दांत निकाल लावून मोकळे! त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण ते पान बरोबर आहे असं म्हणायला जीभ रेटेना.

"नाना, चाकाकडे बघितलं की माणूस पडतो हो. तुम्ही कधी चालवलीय का?"

"मागेसुद्धा बसलो नाही. तुमच्या सासूबाई होत्या तोवर काय बिशाद होती!" नाना स्वतःशीच हसले. मग त्यांनी शेऱ्यावर बोट ठेवलं. "'पुन्हा यावे' असं लिहिलंय तुम्ही. किती वाजता येऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ठोक्याला नाना मैदानावर हजर. मास्तरांनी सगळ्यात हलकी गाडी काढली. क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच, पुन्हा ब्रेक, असा तासभर घाम काढला आणि मग प्लॅस्टिकचे शंकू मांडले.

"शंकूकडे बघू नका. जिकडे जायचंय तिकडे बघा."

नानांनी शंकूकडे बघितलं. शंकू आडवा. दुसराही आडवा.

"मान वर, नाना! चाक कुठे पळून जात नाही!"

चौथ्या फेरीला नानांनी मान उचलली. गाडी वळणावर जराशी कलली आणि अलगद सरळ झाली. "आलं! मास्तर, आलं हो!" ते ओरडले. जावईबापूंचे ते कधी मास्तर झाले हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मास्तर बाकावर बसले आणि हसू दाबत त्यांनी चौसष्टावं पान उघडलं.

दहा फेऱ्या झाल्या. पंधरा झाल्या. कुंपणापाशी दोन शिकाऊ ताटकळत उभे होते. मास्तर पुढे जाऊन दोन्ही हात हलवायला लागले. नाना त्यांच्या शेजारून झपकन गेले, नजर दूर पुढच्या वळणावर.

"नाना, बास! थांबा आता!"

"ते शेवटचं प्रकरण आहे ना," वळणापलीकडून आवाज आला, "ते काढून टाका!"