टाळीची जागा

मनीच्या माहेरी 'पिपाणी'च्या आधी टाळी वाजवायची पद्धत होती. 'बासरी'च्या आधीही. ढोलाला टाळी नाही, झांजेला नाही, घंटेला नाही. का, असं कुणी कधी विचारलं नाही. एखाद्या घरात भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढेच असतं, तसं हे.

गाणी वडिलांची. खुर्च्या आणि सोफे नव्यानं मढवून द्यायचं त्यांचं दुकान होतं आणि काम करताना बारीक खिळे ओठांत धरायची त्यांना सवय होती. गिऱ्हाईक दारात दिसलं की ते आणखी चार खिळे तोंडात टाकत. मग बोलणार कोण? आई. ती होती तोवर दुकानाची जीभ तीच होती. माणूस हाताचा जादूगार, पण तोंडाला कुलूप, असं सगळे म्हणत आणि त्यात काही वावगं आहे असं घरात कुणाला वाटत नसे. संध्याकाळी मात्र खिळे डब्यात जात, मनी मांडीवर येई आणि हातोडीच्या दांड्यानं ठेका धरत वडील गाणी जुळवत:

झांज म्हणाली, झण झण झण,
(टाळी) पिपाणी, तूही म्हण!
ढोल म्हणाला, ढुम ढुम ढाय,
(टाळी) बासरी, येतेस काय?

मनी हे नावही त्यांचंच. आईनं हौसेनं ठेवलेलं कागदावरचं नाव होतं, 'प'नं सुरू होणारं, चांगलं भारदस्त. पण मनी चाळिशीला टेकली, चष्मा लागला, तरी वडिलांच्या तोंडी मनीच. लाड, दुसरं काय, असं ती धरून चालली होती.

मोठेपणी मनी लहान मुलांची पुस्तकं लिहू लागली. हे नवं पुस्तक वाद्यांची ओळख करून देणारं होतं. जाड पुठ्ठ्याची पानं, एका पानावर एक वाद्य, त्याखाली वडिलांच्या गाण्यातल्या दोन ओळी. टाळी आली की चित्रकारानं तिथे दोन लाल तळवे काढले होते. पहिल्या पानावर वडिलांचं नाव घालायचं, हे तिचं आधीच ठरलं होतं. त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

पुस्तक खरं तर ठिणगीसाठी होतं. ठिणगी मनीची मुलगी, पाच वर्षांची, बोलायला लागली की समोरच्याला धाप लागावी अशी. पण काही महिन्यांपासून 'क' आला की तिची गाडी रुतत होती. बालवाडीत एका दिवट्यानं तिची नक्कल केली, वर्ग हसला आणि दुसऱ्या दिवसापासून ठिणगीनं तिथं तोंड उघडणंच सोडलं. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "अडखळू द्या, काही बिघडत नाही. तिचे शब्द तुम्ही पुरे करू नका. ती शब्द चुकवायला लागली तर मात्र काळजी करा. चुकवता चुकवता मुलं गप्पच होतात."

आणि ठिणगी शब्द चुकवायला लागली होती. केळं हवं असलं की "ते पिवळं" म्हणायची. कात्रीला "कापायचं" म्हणताना त्यातही 'क' निघाला, तेव्हा तिनं दोन बोटं हलवून दाखवली होती. मनीला आधी हसू आलं होतं, मग भीती वाटली होती. गाण्यांत टाळ्या आहेत, मजा आहे. ती म्हणता म्हणता पोरीची जीभ मोकळी होईल, अशी तिची वेडी आशा होती.

पुस्तक छापायला जायच्या आधी संपादकबाईंचा फोन आला.

"गाणी गोड आहेत," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या टाळ्या तालात पडत नाहीत हो. एक ओळीच्या सुरुवातीला, तर खुळखुळ्याच्या पानावर भलतीकडेच. 'खुळखुळा हसला, टाळी, बाळही हसलं.' मुलं गोंधळतील."

"आमच्याकडे कुणी गोंधळलं नाही," मनी फणकारली. "जन्मल्यापासून असंच म्हणतोय आम्ही."

"असेल. मग मला एवढंच सांगा, सगळ्या टाळ्या 'प' नाहीतर 'ब'च्याच आधी का आहेत? मुद्दाम केलंय का तुम्ही?"

मनी म्हणाली, बघते. फोन ठेवून तिनं सगळी पानं टेबलावर पसरली आणि लाल तळव्यांवर बोट ठेवत गेली. पिपाणी. बासरी. बाळ. पडघम. बाजा. एकही सुटला नव्हता.

"आई, मला पिवळं दे ना," ठिणगी तिचा पदर ओढत म्हणाली.

मनीनं केळं सोलून दिलं आणि तशीच उभी राहिली. वडिलांनी कधी पाणी मागितलं नव्हतं. "तांब्या आण" म्हणायचे. बटणाला गुंडी म्हणायचे. सगळं जग 'पण' म्हणतं, ते 'मात्र' म्हणायचे. एवढंच काय, शाळेतल्या मैत्रिणी त्यावरून तिला चिडवायच्या, तुझे बाबा पुस्तकात राहतात का गं? आणि मनी. मनी हा लाड नव्हता. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग नेमका कुणाचा ते कळेना. चाळीस वर्षं ती गाणी म्हणायची आणि एवढं साधं दिसू नये!

दुसऱ्या दिवशी ती ठिणगीला घेऊन दुकानात गेली. एक खुर्ची उलटी टाकून वडील तिला पट्टे ताणत होते. तोंडात खिळे होते. ठिणगी कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगात शिरली.

"बाबा, त्या टाळ्या गाण्यातल्या नव्हत्या ना?" मनीनं सरळच विचारलं. "शब्द अडायचा म्हणून वाजवायचात ना?"

वडिलांचा हातोडा थांबला. मग त्यांनी एकेक खिळा तळहातावर काढला, सगळे डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

"तुझ्या आईला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुला कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलेलं."

"का पण? मी काय हसले असते?"

"हसलीसच की." त्यांच्या चेहऱ्यावर थोडंसं हसू आलं. "तू मांडीवर होतीस. शब्द अडकला. मी चिडून हातावर हात आपटला, तशी तू खदखदून हसलीस आणि म्हणालीस, आणखी! नि गंमत म्हणजे शब्द सुटला. तेव्हापासून ते चाललं. मात्र दुकानात टाळ्या कशा वाजवणार? इथे खिळे."

मनीनं पुस्तकाचं सांगितलं. त्यांचं नाव पहिल्या पानावर येणार आहे, तेही सांगितलं.

वडिलांचं हसू मावळलं. "त्या टाळ्या काढून टाक."

"बाबा, कुणाला काही कळणार नाही."

"मला कळेल," ते म्हणाले. "ते छापून आलेलं उघडलं की दर वेळी दिसेल, इथे अडलो, इथे अडलो. इतकी वर्षं झाकलंय, आता लाल रंगात कशाला?"

काढून टाकते, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात चिंध्यांतून आवाज आला.

"आजोबा, मला हे क... क..."

ठिणगीच्या हातात निळ्या मखमलीचा तुकडा होता. तिनं आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. ती दुसरा शब्द शोधत होती, ते स्पष्ट दिसत होतं. "हे... निळं," ती पुटपुटली.

मनीला वाचाउपचाराच्या बाईंची ताकीद आठवली आणि तिनं ओठ आवळले. वडिलांनी मात्र हातोडा खाली ठेवला आणि जोरात एक टाळी वाजवली.

ठिणगी चमकली. हा खेळ तिच्या ओळखीचा होता. तिनं तुकडा काखेत दाबला, स्वतःच एक टाळी हाणली आणि ओरडली, "क... कापड! हे कापड मला!"

"घे," आजोबा म्हणाले. "तुझंच."

"तुमची टाळी क... कुठे लागते?"

"माझी?"

"हो. मला 'क'ला लागते. तुम्हाला?"

त्याच वेळी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं स्टूल तयार होतं, ते न्यायला आल्या होत्या. वडिलांचा हात आपसूक खिळ्यांच्या डब्याकडे गेला. झाकण अर्धं उघडलंही. मनीला वाटलं, संपलं. पोरगी सगळं बघत होती. आजोबा काय करतात तेच ती उद्यापासून करणार होती.

वडिलांनी नातीकडे पाहिलं, मग मनीकडे. झाकण परत लावलं. त्यांचे ओठ घट्ट मिटले, गाल थरथरले, कानशिलं लाल झाली आणि मिटलेल्या ओठांतून नुसतं "प... प... प..." येत राहिलं. दारातल्या बाई गोंधळून मनीकडे पाहू लागल्या. मनी हलली नाही. शब्द पुरा करायचा नाही, हे तिला शिकवलेलं होतं.

ठिणगीनं आजोबांसाठी टाळी वाजवली.

आणि वडिलांनी मनीचं नाव घेतलं. मनी नव्हे, आईनं ठेवलेलं, कागदावरचं, पूर्ण नाव. मध्ये एकदा पुन्हा अडले, पण शेवटच्या अक्षरापर्यंत गेले. या आवाजात ते नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून आपल्याला हाक मारली आहे हे लक्षात यायलाच तिला वेळ लागला.

"ओ," ती म्हणाली, वर्गात हजेरी द्यावी तशी. चष्मा ओला झाला होता.

"त्या टाळ्या," वडील म्हणाले, "राहू देत तिथेच."

मग ते दाराकडे वळले. डबा मिटलेला होता आणि तोंड मोकळं होतं.

"ब... ब..." ते त्या बाईंना म्हणाले. कुणीच घाई केली नाही. "बसा."